सव्वासहाचा डबा

४ ऑगस्ट, सोमवार

आजपासून कोडमधल्या सगळ्या कॉमेंट माझ्या ताब्यात. बेंगळुरूच्या मोठ्या साहेबांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, "बेळगावची टीम काम चांगलं करते, पण तुमचा कोड वाचून नवीन माणसाला काही कळत नाही. गोमटेश, हे तुम्ही बघा." बघा म्हणजे सुधारा, आणि सुधारलंत तर एप्रिलमध्ये मॅनेजरची खुर्ची तुमची, असा मी त्याचा अर्थ लावला. अर्थ लावण्यात मी सहसा चुकत नाही. एवढं मोठं काम हाती आलंय तर त्याची नोंद राहावी, म्हणून ही डायरी.

संध्याकाळी निपाणीला आईला फोन केला. जूनमध्ये तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण तवा अजून उचलवत नाही. म्हणून युवराजअण्णांच्या खानावळीचा डबा दोन्ही वेळेला लावून दिलाय. कुणाचा डबा किती वाजता दारात पोचला पाहिजे, हे आमच्याच कंपनीचं ॲप ठरवतं. बेळगावला ये म्हटलं तर येत नाही. तिथं मंदिर जवळ, शेजार जवळ. शिवाय आमच्याकडे रात्री साडेनऊला जेवतात आणि ती दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा तोंडात घेत नाही. लहानपणापासून बघतोय, तिचा हा नियम कधी मोडला नाही.

"तुझं नवीन काम काय म्हणं?" तिनं विचारलं.

"कोडवर कॉमेंट कशा लिहायच्या त्याचे नियम करायचेत. कॉमेंट म्हणजे टीप गं. मशीन ती वाचत नाही, माणसांसाठी असते."

"मग माणसं वाचत्यात व्हय?"

"वाचायला पाहिजेत."

"म्हंजे न्हाईत वाचत." आणि हसली. जेवलीस का म्हटलं तर म्हणाली, "कवाच. सावकाश जेवण झालं, हात धुऊन निवांत बसलेय बघ."

८ ऑगस्ट, शुक्रवार

नियमावली तयार. प्रत्येक फंक्शनच्या, म्हणजे एकेक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याच्या, डोक्यावर कॉमेंट हवीच. ते काय करतं, आत काय जातं, बाहेर काय येतं, एवढंच लिहायचं. पाच ओळींच्या वर जायचं नाही. इंग्रजीतच लिहायचं. विनोद नको, गोष्टी नकोत आणि माणसांची नावं तर मुळीच नकोत. कोड म्हणजे काही लग्नाची पत्रिका नव्हे.

पूर्णिमा असती तर वाद घातला असता. ती बाळंतपणाच्या रजेवर खानापूरला माहेरी गेलीय. तिचं एकच तुणतुणं, "सर, कोड काय करतो ते कोडमध्ये दिसतंयच की. का करतो ते लिहा." ऐकायला बरं वाटतं. पण 'काय' मोजता येतं, 'का' मोजता येत नाही. आणि मोजता न येणाऱ्या गोष्टीवर बेंगळुरूला तक्ता कसा दाखवणार? मागच्या वर्षीच्या तिच्या मूल्यमापनात मी 'कॉमेंटमध्ये गप्पा मारते' असं लिहिलं होतं. तिनं सही करताना त्याखाली 'बरोबर' असं लिहून दिलं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

साफसफाई सुरू. डब्याच्या ॲपमध्ये पूर्णिमाचा एक नमुना सापडला. डबा दारात पोचायची वेळ ठरवणारं छोटंसं फंक्शन आणि त्याच्या डोक्यावर हा भला मोठा मराठी मजकूर. सुरुवातच 'इथे सहाचा आकडा घालू नका' अशी. कॉमेंट आहे की जिन्यातली पाटी? पाचव्या ओळीपर्यंतही गेलो नाही. नियमात न बसणारं वाचत बसलो तर नियम करायचे कशाला?

तिच्या जागी मी स्वतः लिहिलं, 'डबा पोचवण्याची वेळ काढते. आत: तारीख. बाहेर: वेळ.' अर्थात इंग्रजीत. वाचून समाधान वाटलं.

२० ऑगस्ट, बुधवार

समर्थ आमच्या टीममधला सगळ्यात नवा आणि सगळ्यात आज्ञाधारक. त्याला उरलेल्या कॉमेंट लिहायला महिना दिला होता. त्यानं एआयला कामाला लावलं आणि जेवणाच्या सुट्टीआधी सगळ्या लिहून घेतल्या. एकूण एक नियमात बसतात. मी चार-पाच वाचल्या. 'हे फंक्शन नाव परत करते. आत: नाव. बाहेर: नाव.' चूक काढायला जागाच नाही.

दुपारी तो लॅपटॉप घेऊन आला. "सर, हे डब्याच्या वेळेचं बघा की. आत सूर्याचं कायतरी गणित घातलंय. अक्षांश, रेखांश, लई भानगड हाय. आणि एवढं करून, पाव तासाला गोल करून, बाहेर येतंय सव्वासहा. काल बी सव्वासहा, परवा बी सव्वासहा."

"कॉमेंटमध्ये सूर्याचं काही लिहिलंय?"

"न्हाई सर."

"मग कोडमध्ये कशाला?"

त्यालाही पटलं. आता त्या फंक्शनमध्ये सरळ सव्वासहा. पानभर कोड गेला, एक ओळ राहिली. जाता जाता त्यानं विचारलं, "पूर्णिमा मॅडमना एकदा विचारू का?" मी म्हटलं, बाळंतपणाच्या रजेवरच्या बाईला ऑफिसच्या कामासाठी फोन करायचा नाही. माणुसकी म्हणून काही असतं.

६ सप्टेंबर, शनिवार

आईचं पर्युषण पार पडलं. या वयातही दिवसातून एकदाच जेवून सगळे दिवस काढले. तिचा नेट बघून आपण सुपारीच्या खांडालासुद्धा नाही म्हणू शकत नाही याची लाज वाटली. जेवून झाल्यावर वाटायची थांबली.

२५ सप्टेंबर, गुरुवार

संध्याकाळी आईशी धड बोलणंच झालं नाही. "डबा आलाय, ठेव आता, दिवस खाली आलाय," म्हणून फोन कट. तिच्या आवाजात एवढी घाई पूर्वी नव्हती. युवराजअण्णांनी आचारी बदललेला दिसतोय. कुणाच्या हातच्या जेवणासाठी आई पळते म्हणजे त्या हाताला चव असणार.

९ ऑक्टोबर, गुरुवार

बेंगळुरूला तक्ता पाठवला. शंभर टक्के फंक्शनवर कॉमेंट. मोठ्या साहेबांचं एका शब्दाचं उत्तर आलं, 'उत्तम.' मी ते तीनदा वाचलं.

आईला सांगितलं. "लई चांगलं झालं," म्हणाली. आवाज जरा बारीक वाटला. काय जेवलीस विचारलं तर म्हणाली, "ह्या वयात भूक कुठं लागतीय रं." तिला टॉनिकची बाटली पाठवायची आहे. इथं लिहून ठेवतो म्हणजे विसरणार नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

युवराजअण्णांचा फोन. माणूस भला, पण बोलायला लागला की पाल्हाळ फार.

"साहेब, संध्याकाळचं डबं परत येत्यात. भरलेलंच. झाकण बी उघडत न्हाईत काही घरं."

"कुठली घरं?"

"आपल्या जैन गल्लीकडली. यादी पाठवू का नावांची?"

मी म्हटलं नावं नकोत, आकडा पाठवा. नावं आली की माणूस भावनेत वाहवतो. मग ते म्हणाले, "डब्याच्या टायमाचं तेवढं बघता का?" मी तिथल्या तिथं स्क्रीनवर बघितलं. रोज सव्वासहाला डबा दारात, उशीर शून्य. "अण्णा, एक मिनिटसुद्धा इकडचं तिकडे नाही," म्हटलं. ते म्हणाले, "व्हय की, टाइम तर बरोबर हाय. तुमास्नी म्हाईत असणार." त्यांचं समाधान झालेलं दिसलं.

माझं मात्र झालं नाही. मी स्वतः त्याच गल्लीतला. जैन घरातून भरलेला डबा परत येतो याचं कारण मला नाही कळणार तर कुणाला कळणार? स्वयंपाकघरात कुणीतरी भाजीत कांदा-लसूण नाहीतर बटाटा घालतंय. दुसरं काय असणार?

२१ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी, महावीर निर्वाणाचा दिवस. सकाळी निपाणीला पोचलो. शेजारच्या त्रिशला मावशींनी पुरणपोळ्या केल्या होत्या. दुपारी पंगत झाली. आई मन लावून जेवली, दोनदा मागून घेतलं. म्हणजे तब्येत उत्तम आहे. बांगड्या मात्र कोपराकडे सरकत होत्या. उपासानं शरीर हलकं राहतं असं म्हणतात ते खरं आहे.

हायवेचं काम चालू आहे, गर्दीत अडकायला नको म्हणून चारलाच निघालो. आई दारापर्यंत आली. "संध्याकाळपतोर थांब की," म्हणाली. परत लगेच म्हणाली, "नगं, तुला उशीर व्हईल."

टॉनिक न्यायचं राहिलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

ॲपमध्ये 'आज भाजी कशी होती?' असं विचारणारे पाच तारे बसवले. युवराजअण्णांना कांदा, लसूण आणि बटाट्याबद्दल दोन पानी सूचना पाठवल्या. त्यांचा फोन आला. "साहेब, तुमच्या गल्लीचं भांडं येगळं, पळी येगळी, चूल येगळी. माझ्या आईनं घालून दिलेली रीत हाय. दुसरं कायबी म्हणा, हे म्हणू नगा." दुखावले होते. दोषी माणूस आधी दुखावतो, असं माझं निरीक्षण आहे.

आमच्या ऑफिसला खिडकी नाही. सहाला चहा प्यायला बाहेर आलो तर रस्त्यावरचे दिवे लागलेले. थंडीत अंधार लवकर पडतो, हे दर वर्षी नव्यानं कळतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

बेंगळुरूहून बोलावणं आलं. शुक्रवारी २८ तारखेला सगळ्या शाखांसमोर माझी नियमावली सादर करायची. नवा शर्ट शिवायला टाकला.

ताऱ्यांचा निकाल: जैन गल्लीतून एकही तारा नाही. न जेवता तारे कोण देणार, असं समर्थ म्हणाला. पोरगं कधीकधी उगाच तिरकं बोलतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आजचं लिहायला हात धजत नाही. तरी लिहितो.

सकाळी त्रिशला मावशींचा फोन. "गोमटेश, घाबरू नगंस. आक्कांना मंदिराच्या पायरीवर चक्कर आलती. आता बऱ्या हाईत. डॉक्टर म्हंत्यात पोटात काय न्हाय म्हणून झालं." मी म्हटलं पोटात काय नाही म्हणजे काय? दोन वेळचा डबा चालू आहे! मावशी म्हणाल्या, "ते तू येऊन बघ."

दुपारी पोचलो. आई कॉटवर बसून तांदूळ निवडत होती, जसं काही झालंच नाही. मी सोबत नेलेली फळं चिरून दिली, ती तिनं खाल्ली. बोलत बसलो. दिवा लावायची वेळ झाली, तिनं देवापुढे लावला. बाहेर अंधार पडला. मग मोटारसायकल थांबली आणि डबा आला. मी घड्याळ बघितलं. बरोबर सव्वासहा. मला, खोटं का लिहू, त्याही वेळी बरं वाटलं.

ताट घेतलं, डबा उघडला, वाढलं. भाकरी अजून गरम होती. "चल, माझ्यासमोर जेव," म्हटलं.

आईनं दाराबाहेर बघितलं, मग माझ्याकडे.

"दिवस बुडाला की रं, गोमट्या."

मी ताट हातात घेऊन तसाच उभा राहिलो. कांदा नव्हता, बटाटा नव्हता. डब्यात काही चूक नव्हती.

कधीपासून, असं विचारलं. "दसरा झाल्यापासनं. सुरवातीला दोन घास व्हायचं घाईघाईनं. मग ते बी जमंना." मग तू करायचीस काय? "दुपारच्यातली अर्धी भाकरी ठेवायची, चारला खायची. डबा परत धाडायची. चालतंय, एवढं काय त्यात."

"मला का नाही सांगितलंस?"

ती तांदळातला खडा शोधत राहिली. "तूच म्हणालास न्हवं, आता सगळं तूच बघतोस म्हणून. म्हटलं, तू केलंयस म्हंजे कायतरी विचार करूनच केलं असशील."

मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ धूत होतो. रडलो, असं सरळच लिहितो.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

तिथूनच सकाळी लॅपटॉप उघडला. कोडमधून काढलेलं काहीच खरं म्हणजे जात नाही, जुनी नोंद मागे राहते. ऑगस्टमधली पूर्णिमाची कॉमेंट बाहेर काढली आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली. जशीच्या तशी उतरवतो.

'इथे सहाचा आकडा घालू नका. सातचाही नको, कुठलाच नको. निपाणीत बऱ्याच घरांत दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, पाणीही घेत नाहीत. आणि दिवस रोज वेगळ्या वेळी मावळतो. आत्ता जून आहे, त्यामुळे कुठलाही आकडा चालतोय असं वाटेल. नोव्हेंबरात चालणार नाही. म्हणून मावळतीच्या पाऊण तास आधी डबा दारात, असं गणित ठेवलंय. पाऊण तास का, तर म्हाताऱ्या माणसांना सावकाश जेवायला तेवढा लागतो. मला हे माहीत नव्हतं, आम्ही खानापूरकडचे रात्री जेवणारे. गोमटेश सरांच्या आई राजमती आक्का यांनी समजावून सांगितलं. हे काढावंसं वाटलं तर आधी त्यांना फोन करा. फक्त संध्याकाळी करू नका, त्या जेवत असतात.'

आईला वाचून दाखवली. ती खूश झाली. "लई गुणाची पोरगी. सगळ्या गिऱ्हाइकांना फोन करून इचारत होती. माझं नाव घातलंय व्हय त्यात?" मी म्हटलं, घातलं होतं.

दुपारी माणुसकी बाजूला ठेवून पूर्णिमाला फोन केला. मागे बाळ रडत होतं. सगळं सांगितलं.

"पण सर, मी तिथं लिहिलं होतं की."

"मी काढलं."

बाळ नेमकं तेव्हाच गप्प झालं. मग ती म्हणाली, "आक्का जेवल्या का आज?"

मूल्यमापनातल्या त्या ओळीबद्दल बोलायचं होतं. नुसतं "हो, आत्ताच" म्हणालो आणि फोन ठेवला.

समर्थला सांगून जुनं फंक्शन जागेवर आणलं. ते परत बसवताना आमच्या तपासणीच्या प्रोग्रॅमनं अडवलं: कॉमेंट पाच ओळींपेक्षा मोठी, इंग्रजीत नाही, व्यक्तीचं नाव आढळलं. टीम-प्रमुखांची परवानगी घ्यावी. मी माझ्याकडे परवानगी मागितली आणि मला दिली.

मग युवराजअण्णांच्या खानावळीत जाऊन त्यांच्या आईसमोर त्यांची माफी मागितली. म्हातारीनं मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. दिवस अजून वर होता.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

बेंगळुरू. नवा शर्ट गळ्यात आवळत होता. तक्ता दाखवायच्या ऐवजी ती एकच कॉमेंट पडद्यावर लावली, इंग्रजीत समजावून सांगितली, आई कशी उपाशी राहिली तेही सांगितलं. दोघा-तिघांनी हातातले मोबाइल खाली ठेवले. मला वाटलं, पोचलं. मग मोठे साहेब म्हणाले, "फार हृदयस्पर्शी, गोमटेश. पण शंभर टक्क्यांचा तक्ता आणलाय ना?"

आणला होता. दाखवला. टाळ्या त्यालाच पडल्या.

२ डिसेंबर, मंगळवार

नियमावली बदलली. आता प्रत्येक कॉमेंटमध्ये 'कारण' असा रकाना सक्तीचा. हे फंक्शन का आहे ते लिहिल्याशिवाय कोड पुढे जाणार नाही. काल सकाळी समर्थला सांगितलं. आज जेवणाच्या सुट्टीआधी तो आला, "झालं सर. सगळ्यात भरलं." मी उघडून बघितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक ठिकाणी, 'कारण: नियमावलीनुसार आवश्यक.'

ओरडणार होतो. पण ही भाषा कुणाची आहे ते ओळखलं. त्याला खुर्ची ओढून बसायला सांगितलं. एक फंक्शन उघडलं आणि म्हटलं, हे कुणासाठी आहे, तेवढं शोधून काढू. त्यासाठी एका गिऱ्हाइकाला फोन करावा लागला. संध्याकाळ होईतो एकच कॉमेंट झाली. तक्त्यात आता आम्ही जवळजवळ शून्यावर आहोत.

सव्वापाचला डबा निपाणीत पोचल्याचं स्क्रीनवर दिसलं. तरी राहवलं नाही. ऑफिसच्या बाहेर येऊन उन्हात उभा राहिलो आणि आईला फोन लावला. बराच वेळ वाजला. उचलला तेव्हा तिच्या तोंडात घास होता.

"आई, डबा आला का वेळेवर? जेवलीस का?"

"जेवतेय न्हवं! त्या पोरीनं लिहून ठेवलंय की, संध्याकाळी फोन करू नका म्हणून. तूच वाचून दाखवलंस मला. ठेव."

आणि तिनं ठेवला.